खांबेटेकाका आणि गिरणीतला बँड

वामन त्रिंबक खांबेटे यांचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत. आईवडिलांचं वेगळं. त्यांचं ऋण फिटतच नाही, म्हणून ते मी यात धरत नाही. खांबेटेकाका माझ्या नात्याचे नव्हते, गावचे नव्हते, जातीचेही नव्हते. तरी परक्या मुलखात मला पहिल्यांदा 'बस' म्हणणारा माणूस म्हणजे ते.

हे 'बस' म्हणणं हीच त्यांची सगळ्यांत मोठी खोड होती. चहाच्या टपरीवर बाकड्यावर दोघं ऐसपैस बसलेले दिसले की काका त्यांच्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "सरका थोडं." दोघं सरकत. वाटायचं, आता हे बसणार. पण काका वळून रस्त्यावरच्या कुणातरी उभ्या माणसाला हाक मारत, "या हो, या. झाली जागा." तो माणूस ओळखीचा असायलाच पाहिजे असं नव्हतं. त्याला चहा प्यायचा असायलाच पाहिजे असंही नव्हतं.

न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत, नाटकाच्या थिएटरात, सगळीकडे हेच. एकदा कळव्याच्या दवाखान्यात त्यांनी एका बाकावर इतकी माणसं बसवली की टोकाचे गृहस्थ खाली पडले. ते नुसते बायकोबरोबर आले होते. पडल्यावर डॉक्टरांनी त्यांनाच आधी आत घेतलं. काका म्हणाले, "बघा, सरकल्याने फायदाच होतो."

माझी आणि त्यांची भेट अशाच एका बाकड्यावर झाली. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी करमाळ्याहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. राहायला कळव्यात एका खोलीत भाड्याने कॉट. शहरात कुणाशी बोलायचं धाडस होत नसे. आपलं बोलणं ऐकून लोक हसतील असं वाटे. रविवारी संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन टपरीच्या कडेला उभा होतो.

"सरका रे थोडं. या हो, बसा. अहो, तुमची नखं निळी कशी?"

"कारखान्यात आहे. रंगाच्या."

"मग मागच्या रविवारी तांबडी होती ती?"

मला कुणी मागच्या रविवारी पाहिलं होतं, आणि तेही नखांपर्यंत, हे ऐकून मला कसंतरीच झालं. "तांबड्याची बॅच होती," मी म्हणालो.

"आणि पुढच्या रविवारी?"

"बहुतेक पिवळा."

"वा! गाव कुठलं? करमाळा? बरं, करमाळा, वाजवता काय?"

"काही नाही."

"असं कसं होईल? माणूस काहीतरी वाजवतोच."

"गावाकडे भजनात टाळ धरायचो."

काकांनी माझा अर्धा कप माझ्या हातातून घेतला, बाकड्यावर ठेवला आणि म्हणाले, "चला."

टपरीच्या मागे एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. दार ढकललं तर आत तीन माणसं पांढरीफटक होऊन बसलेली. मी घाबरलोच. मग कळलं, हा बँड. गिरणी बंद होऊन वर्षं झाली होती, पण वाशांवरचं पीठ अजून संपलं नव्हतं. ड्रम वाजला की ते खाली यायचं. कार्यक्रमाच्या आधी आमच्यातला प्रत्येक जण भाकरी थापून आल्यासारखा दिसे.

या बँडचा जन्म एका कॅसेटमधून झाला होता. पांडू तांडेल नावाचे चेंदणी कोळीवाड्यातले गृहस्थ जहाजावर नोकरीला होते. निवृत्त होऊन आले ते एक ड्रमसेट आणि लेबल नसलेली एक कॅसेट घेऊन. काका तेव्हा ठाण्याला वाद्यांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करायचे. पांडूदादांनी दुकानात ती कॅसेट लावली आणि काका हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकून उठले. "हे काय आहे?"

"दुकानदार बोलला सोल जाझ."

"जाझ असेल, पण हा आमची पायपेटी वाजवतोय!"

काका तरुणपणी नाटक मंडळीत ऑर्गन, म्हणजे आपली पायपेटी, वाजवायचे. मंडळी बुडाली आणि पेटी काकांकडे राहिली. त्या दिवसापर्यंत त्यांना वाटत होतं की पायपेटीचं जगातलं काम संपलं. कॅसेटमधला कुणी परदेशी माणूस त्याच जातीच्या वाद्यातून असं काही काढत होता की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. "नाट्यपदच आहे हो," काका सांगत, "फक्त नाटक काढून टाकलंय."

पुढे कॅसेट घासून गेली, पण तिची रीत राहिली. आधी सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची, मग एकेकाने त्या चालीवर आपल्या मनातलं बोलायचं, मग पुन्हा सगळ्यांनी एकत्र यायचं. सुरुवातीला पायपेटी आणि ड्रम असे दोघंच होते. मग कल्याणहून गुलाबराव आले. ते लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे आणि उभं आयुष्य वरातीत गेल्यामुळे त्यांना एका जागी उभं राहून वाजवताच येत नसे. ते गिरणीत गोल गोल चालत वाजवायचे, आणि कोपऱ्यात गेले की आवाज बारीक व्हायचा. मग डोंबिवलीचे नेने आले, बँकेत कारकून. बेस गिटार वाजवायचे आणि प्रत्येक चुकीला 'सॉरी' म्हणायचे. कधीकधी चूक व्हायच्या आधीच म्हणायचे.

नवा माणूस आला की या बँडचा एक नियम होता. तो काकांनी केलेला. नव्याने पहिल्या दिवशी काहीच सोडायचं नाही. जुन्या प्रत्येकाने आपल्या वाजवण्यातलं काहीतरी सोडायचं, आणि तेही सगळ्यांसमोर सांगून. "नाहीतर गर्दी होते, गाणं होत नाही," काका म्हणत.

माझ्या पहिल्या दिवशी काकांनी टाळ आणून माझ्या हातात दिले, मला भजनातला ठेका धरायला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सरका थोडं. बोला, करमाळ्यासाठी कोण काय सोडतो?"

पांडूदादा उसळले. "मास्तर, ह्याचा टाळ आला म्हंजे माझी झांज गेली. मंग मी काय वाजवू, जेवाचा ताट?"

"जोरात वाजते तुमची झांज. तशीही पुष्कळ झाली."

"जहाजावर बरा होता. तिथं कप्तान तरी पगार द्यायचा."

असं बोलत त्यांनी स्वतःच पाना घेतला आणि झांज काढून पोत्यात ठेवली. गुलाबराव म्हणाले, "मी शेवटचा फेरा सोडतो." नेने म्हणाले, "सॉरी, मी काय सोडू?" काका म्हणाले, "सॉरी सोडा." आणि स्वतः काकांनी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. त्या अंगठीने ते पेटीच्या लाकडावर ठेका द्यायचे; तो माझ्या टाळाला आडवा आला असता.

मी खाली मान घालून उभा होतो. माझ्यासाठी कुणी काही सोडावं, असा मी कोण? पण त्यानंतर दर रविवारी मी गिरणीत होतो. कारखान्यात मला साहेबांपुढे बोलता येऊ लागलं, ते गिरणीत भांडायला शिकलो म्हणून. पुढे बढतीच्या मुलाखतीला मी गेलो ते काकांनी ढकललं म्हणून.

एकदा माझे वडील करमाळ्याहून आले. मुलगा शहरात बँडमध्ये आहे हे ऐकून ते आधीच गप्प होते. गिरणीत बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाले, "आरं, एवढं शिकून टाळच वाजवायचा होता, तर आपल्या देवळात काय वाईट होतं?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पांडूदादांना स्टुलावरून उठवलं, वडिलांना तिथं बसवलं आणि म्हणाले, "अहो, आमच्यात शिकलेला हा एकटाच आहे. म्हणून तर ताल याच्या हातात दिलाय."

नेने बी.कॉम. होते. पण ते काही बोलले नाहीत. याबद्दल मी नेन्यांचाही आभारी आहे.

अशी वर्षं गेली. माणसं वाढली तसं आमचं गाणं बदलत गेलं. कधी कोळीवाड्याच्या हळदीचा ठेका आत यायचा, कधी वरातीतली सुरावट. बदलत नव्हता तो फक्त नियम. आणि त्या नियमाने काकांचं काय केलं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. गुलाबराव आले तेव्हा काकांनी चाल सोडली होती. ती सॅक्सोफोनकडे गेली. नेने आले तेव्हा डावा हात सोडला. खालचे सूर गिटारकडे गेले. माझ्यासाठी ठेका सोडला. बाकीचे एकदा सोडायचे आणि हळूच चोरून परत घ्यायचे. पांडूदादांची झांज तर दिवाळीपर्यंत पोत्यातून बाहेर आली होती. काका मात्र सोडलेलं परत घेत नसत. शेवटी त्यांच्याकडे एकच सूर उरला. दुसऱ्या फेरीनंतर गुलाबराव दम घ्यायला थांबत, तिथे काका एक सूर लांबवर धरून ठेवत. तेवढ्यासाठी ते रविवारभर पेटीपुढे बसलेले असत.

मग वृषाली आली. नेन्यांच्या शेजारची, कॉलेजात शिकणारी मुलगी. वडिलांनी तिला इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड घेऊन दिला होता. काकांना त्या वस्तूचं इतकं कुतूहल, की त्या दिवशी दुसऱ्या कुणाला वाजवताच आलं नाही.

"यात बासरी आहे?"

"आहे, काका."

"व्हायोलिन?"

"हे बघा."

"आणि पायपेटी कुठं ठेवलीय?"

वृषालीने एक बटण दाबलं. अगदी त्या कॅसेटमधल्यासारखा आवाज आला. काकांनी की-बोर्ड खालून पाहिला, मागून पाहिला, आपल्या हाताने तोच सूर दाबला आणि धरून ठेवला. सूर संपेना. "याला दम लागत नाही," ते म्हणाले. मग सवयीने म्हणाले, "सरका थोडं. कोण काय सोडतो?"

सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. शेवटी काकांची पाळी आली. "मी तो लांबवलेला सूर सोडतो. पोरीच्या यंत्रातून जास्त चांगला येईल."

वृषाली म्हणाली, "अहो काका, तुम्ही मग काय वाजवणार?"

"ऐकेन की. कुणीतरी ऐकायला नको?"

त्यानंतर काका दर रविवारी येत, पेटीचं झाकण मिटलेलं ठेवून पुढ्यात बसत. हात मांडीवर. पाय मात्र सवयीने भाता मारत राहत.

आता हे आम्हा सगळ्यांना टोचू लागलं. पण काकांसमोर बोलायची सोय नव्हती, आणि एकमेकांशी बोलायचं कुणाला सुचलं नाही. त्यातच नारळी पौर्णिमा आली. पांडूदादांनी कोळीवाड्यात आमचा कार्यक्रम ठरवला. पायपेटी हातगाडीवरून तेच घेऊन आले. "पेटी नसली तर स्टेज भुंडा दिसतो," म्हणाले. काका झाकण मिटून मागे बसले.

खाडीला नारळ देऊन माणसं परतली होती. मांडव भरलेला. पुढे जरीच्या साड्या नेसलेल्या बायका, मागे टोप्या घातलेले पुरुष. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. गुलाबराव दम घ्यायला थांबले. त्या जागी मी मनाशी ठरवलं होतं की आपण टाळ थांबवायचा. जरा शांत झालं तर काकांना वाटेल, आपला सूर द्यावा. मी थांबलो.

पांडूदादाही थांबले. नेनेही थांबले. वृषालीने दोन्ही हात वर उचलले. प्रत्येकाने अगदी हेच, अगदी गुपचूप, अगदी त्याच जागी करायचं ठरवलं होतं. आणि गुलाबरावांनी पुन्हा फुंकायचंच नाही असं ठरवलं होतं.

मांडवात चिडीचूप. एक म्हातारी ओरडली, "आरं, काय झालं रं? लाईट गेली काय?" दिवे लखलखत होते.

काकांनाही तसंच वाटलं असावं. ते उठले, स्टेजच्या कडेला जाऊन स्पीकरची पिन काढून पुन्हा घातली. स्पीकर खर्र वाजला. ते आमच्याकडे वळले, "अरे, वाजवा ना!" आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मग त्यांना कळलं.

ते सावकाश पेटीपाशी आले. झाकण उघडलं. पायाने भाता मारला, तर पेटीतून आधी पिठाचा एक लोट निघून पुढच्या बायकांच्या गजऱ्यांवर बसला. त्यामागून तो सूर आला. जरासा कापरा, पण लांब. त्यांनी तो पुरा धरला, झाकण मिटलं आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून निघून गेले. लोकांना वाटलं, कार्यक्रम संपला. खूप टाळ्या पडल्या.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. पांडूदादा म्हणाले, "मास्तर रुसला. तू जा. तू शिकलेला हायस."

काकांचं घर आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. डोंबिवलीत पुतण्याकडे राहतात, एवढंच माहीत. पत्ता शोधत गेलो. पुतणसुनेने दार उघडलं. चांगली मुलगी. हॉलमध्ये मुलं अभ्यासाला बसली होती. "काका गॅलरीत असतात," ती म्हणाली.

गॅलरीला काच लावून घेतली होती. एक अरुंद कॉट, डोक्यावर वाळत घातलेले कपडे, पायाशी मुलांची सायकल. बसायला दुसरी जागा नव्हती. काका कॉटच्या टोकाला गेले आणि मला म्हणाले, "बस."

मी इकडंतिकडं पाहत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं. "आधी आतली खोली माझी होती हो. मग याचं लग्न झालं. मग हॉलमध्ये झोपायचो. मग मुलं झाली. मला कुणी काही बोललं नाही हं. मीच सरकलो." कौतुकाने सांगावं तसं ते सांगत होते. "पेटी इथं मावत नाही, म्हणून गिरणीत ठेवली."

"काका, मग तुम्ही येत का नाही?"

त्यांनी वरचा ओला शर्ट नीट केला. "इथं सगळे मला जपतात, करमाळा. काकांना त्रास नको, काकांना वारा नको. गिरणीत तो पांडू मला शिव्या घालतो. तिथं मी नुसता नावाचा काका होतो. परवा तुम्ही सगळे थांबलात आणि मला दिसलं, तुम्हीही जपायला लागलात. आता तुम्हालाही माझी दया आली, तर मी कुठं जायचं?"

चहा पिऊन मी परत आलो, गिरणीत सगळ्यांशी बोललो आणि मग त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

कळवा, मंगळवार.

ती. खांबेटेकाकांना,
दत्तात्रय कोकरे याचा सा. न. वि. वि.

या रविवारी गिरणीत एक नवीन वादक घ्यायचे ठरले आहे. ते पायपेटी वाजवतात. वय झालेले आहे आणि स्वभाव रुसका आहे, असे पांडूदादांचे मत. पण हात बरा आहे, असेही तेच म्हणतात.

नियमाप्रमाणे नव्या माणसाने पहिल्या दिवशी काही सोडायचे नसते. जुन्यांना विचारायचे काम तुमचे. पण तुम्ही नव्हता, म्हणून मी विचारले. नेने दुसऱ्या फेरीत गिटार भिंतीला टेकवून ठेवतील. खालचे सूर नव्या माणसाच्या डाव्या हाताकडे. गुलाबराव पहिली चाल देतात. तेवढा वेळ एका जागी उभे राहण्याचा सराव सुरू आहे, अजून जमलेले नाही. वृषालीने तिच्या यंत्रावरच्या त्या बटणावर कागद चिकटवला आहे. पांडूदादा काही सोडायला तयार नाहीत. शिव्या सोडता का, असे विचारले, तर मलाच दोन दिल्या. मी दाराजवळची माझी जागा सोडतो. तिथे वारा येतो.

तुम्ही दयेचे विचारलेत, ते मी सर्वांना विचारले. गुलाबराव म्हणाले, दया कसली, पेटी नाही तर मला दम कुठे घ्यायचा तेच कळत नाही. नारळी पौर्णिमेला आम्ही चुकलो ते न बोलता थांबलो म्हणून. सोडायचे ते सगळ्यांसमोर सांगून, हे तुम्हीच शिकवलेत आणि आम्ही विसरलो. म्हणून आता सांगून सोडत आहोत. यावर तुम्हाला भांडायचे असेल तर गिरणीत येऊन भांडावे, घरी नको. घरी सगळे गोड बोलतात.

एक गोष्ट मात्र मी अनुभवाने सांगतो. नवीन माणसाला पहिल्या रविवारी वाटते की आपण इथे जास्त झालो आहोत, आपल्यामुळे सगळ्यांची अडचण होते आहे. मला तसे वाटले होते. तुम्हाला कुणी त्या वेळी सांगितले नसेल, कारण तुम्ही पहिलेच होतात. दुसऱ्या रविवारी ते पुष्कळ कमी होते.

आपला,
दत्तात्रय